मुरुडशेंग कशी ओळखायची, कशी उगाळायची

पोटात मुरडा यायला लागला की गोळी शोधायच्या आधी घरात मुरुडशेंग आहे का बघा. सह्याद्रीच्या पानझडी जंगलात हे झुडूप भरपूर आहे, काही भागात केवण म्हणतात, सालीचा वाख इतका चिवट की त्याचे दोर वळतात. पावसाळ्यात विटकरी लाल फुलं येतात आणि जुनी होत गेली की निळसर राखाडी पडतात, म्हणून एकाच फांदीवर दोन्ही रंग दिसतात. पानं हाताला खरखरीत लागतात. पण खरी ओळख शेंगेचीच, पाच बारीक शेंगा एकमेकींना दोरासारखा पीळ घालून बसलेल्या, आधी हिरव्या, मग हिवाळ्यात वाळून काळपट तपकिरी.

झाडावरच वाळलेल्या शेंगा घ्या, फांदी मोडू नका, थोड्या झाडाला राहू द्या प्लीज. अभयारण्यातून तर काहीच आणायचं नाही, काष्ठौषधीच्या दुकानात स्वस्तात मिळते. घेताना पिळाच्या फटीत नीट बघा, भुंगा लागलेला असला तर तिथे बारीक भुकटी दिसते, तशी शेंग नको. घरी आणून धुवायची, कडक उन्हात वाळवायची आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरायची.

सहाण स्वच्छ धुवून त्यावर उकळून गार केलेलं पाणी चमचाभर घ्यायचं आणि शेंग आडवी धरून गोल गोल उगाळायची, पहिल्यांदा नुसतं गढूळ पाणी दिसतं, घाई करू नका, आठ-दहा वेढे झाले की तपकिरी दाटसर गंध सुटतं. मोठ्या माणसाला ते पाव चमचा, कोमट पाण्यातून, जेवणानंतर. चव तुरट असते, गूळ लावून घेतला तरी चालतो. गॅस, मुरडा, साधे पातळ जुलाब एवढ्यासाठीच हे आहे.

बाळगुटीतही मुरुडशेंग असते हे खरं, तरी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नका, आजी कितीही म्हणाली तरी, आणि त्यानंतरही डॉक्टरना विचारूनच एखादा वेढा. गरोदर बायकांनी आणि शुगरची औषधं चालू असणाऱ्यांनी पण आधी विचारा. शौचातून रक्त, ताप, सारख्या उलट्या किंवा लघवी कमी झाली असेल तर उगाळत बसू नका, ओआरएस सुरू करा आणि सरळ दवाखाना गाठा.