चेहऱ्याच्या दुर्मिळ फाटीची शस्त्रक्रिया: आधीची तयारी

फाट म्हणजे जन्मतःच चेहऱ्यात राहिलेली भेग. रक्तगट, हिमोग्लोबिन, संमतीपत्र हे सांगायला नको. फोटो समोरून, दोन्ही बाजूंनी आणि हनुवटीखालून काढा. एक फोटो बाळ झोपलेलं असताना, एक रडताना, कारण पापणी किती मिटते ते त्यातच कळतं. मुद्दा तोच आहे: डोळा.

फाट ओठातून वर चढून खालच्या पापणीपर्यंत गेली असेल, म्हणजे फ्रेंच शल्यविशारद टेसिए यांच्या वर्गवारीतली ३ किंवा ४ क्रमांकाची, तर पापणीला खाच असते आणि बुबुळ उघडं पडतं. सगळ्यांचं लक्ष मात्र ओठाकडे आणि दुधाकडे. मागच्या बाळाच्या वेळी शस्त्रक्रियेची तारीख ठरेपर्यंत बुबुळावर जखम झालेली होती. त्यात नवजात बाळ पापण्या मुळातच फार कमी मिचकावतं. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब, झोपेत मलम आणि वरून ओल धरून ठेवणारं पारदर्शक आवरण. कोरडं गॉझ नको, ते बुबुळावर घासतं. नेत्रतज्ज्ञांना फ्लुरोसीन हा रंग डोळ्यात घालून निळ्या प्रकाशात बघायला सांगा. खरचटलेली जागा हिरवी चमकते. ‘डोळे स्वच्छ’ एवढ्या नोंदीवर जाऊ नका, ती लांबून टॉर्च मारूनही लिहिली जाते. मलमाची वेळ चार्टवर दुधाच्या वेळेशेजारी लिहायची. दूध कोणी विसरत नाही.

सीटी थ्रीडी हवा. कातडीवरची फाट आणि हाडातली फाट जुळतेच असं नाही. बाहेर नुसती रेघ आणि आत डोळ्याच्या खोबणीचा तळच नाही, असंही निघतं. नवजात बाळ पाजून, गुंडाळून झोपवलं तर बहुतेकदा भुलीशिवाय स्कॅन होतो, तेव्हा ही संधी दवडू नका. टेसिएने १९७६ मध्ये दिलेले ० ते १४ हे क्रमांक खोबणीभोवती घड्याळाच्या आकड्यांसारखे मांडलेले आहेत आणि खालच्या-वरच्या जोडीची बेरीज १४ येते. खाली ४ दिसली की वर १० शोधा: भुवई, कपाळ, केसांची कड.

मध्यरेषेत ० क्रमांकाची फाट असेल आणि नाकाच्या मुळाशी गाठ असेल तर आधी एमआरआय. त्या गाठीत सुई घालायची नाही. घालायचीच नाही! मेंदू किंवा त्याचं आवरण खाली उतरलेलं असू शकतं. नाकातून नळीही अंदाजाने सरकवू नका. ७ असेल, तोंडाचा कोपरा कानाकडे गेलेला, तर कान, जबडा आणि श्रवणचाचणी. हातापायांची बोटं बघा, गर्भाभोवतीच्या पटलाच्या पट्ट्या आवळल्याचे वळ तिथे सापडतात. हृदयाचा इको करून घ्या.

वजनाचं बोलू. वय दहा आठवडे, वजन दहा पौंड, हिमोग्लोबिन दहा, एवढं झाल्यावरच शस्त्रक्रिया, हा नियम ओठाचा. ओठाला खुशाल लावा, पापणीला नाही. बुबुळ झाकलं जात नसेल तर पापणी आधी, गरज पडली तर पहिल्या काही दिवसांतच, मग ती तात्पुरती का असेना. ‘सगळं एकदमच करू’ हे ऐकायला छान वाटतं, पण तोवर बुबुळ पांढरं पडतं.

भूलतज्ज्ञांना बाळ आधीच दाखवा, फोटोवर भागवू नका. फाटीवर मास्क नीट बसत नाही आणि जबडा लहान असेल तर नळी घालणंही कठीण. उपास: आईचं दूध ४ तास, पावडरचं ६. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर नंतर श्वासावर लक्ष ठेवायला खाट राखून ठेवा. टेबलावर चेहरा पुसताना क्लोरहेक्सिडिन नको, स्पिरिट नको, दोन्ही बुबुळाला जाळतात. ज्या डोळ्याला हात लावायचा नाही त्यातही मलम घाला.

आईवडिलांना आधीच सांगा की हे एका शस्त्रक्रियेत संपणारं नाही. हाडाचं काम पुढे, मूल वाढेल तसं. थेंब चिठ्ठीवर लिहून देऊ नका, हातात द्या आणि समोर घालून घ्या. हात चेहऱ्याकडे जाऊ नये म्हणून कोपरांना पट्ट्या. सर्दी-ताप असेल तर तारीख पुढे. टाके पाचव्या ते सातव्या दिवशी काढायचे, बाकी नेहमीचं.