ट्रामचा दांडा कुठे झुकतो? वेक्टरमध्ये जुनं गिरगाव काढताना

माझे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. चार अक्षरं झाली की शिडीवरून उतरून समोरच्या फुटपाथवर जायचे आणि तिथून पाटी वाचायचे. "नाकाला लावून कुठलंही अक्षर चांगलंच दिसतं," म्हणायचे. मी इंकस्केपमध्ये, म्हणजे रेघा आणि आकारांची (वेक्टर) चित्रं काढायच्या संगणक प्रोग्राममध्ये, चित्रं काढते, पण सवय तीच लागली आहे. दर पंधरा-वीस मिनिटांनी कीबोर्डवर ५ दाबते, म्हणजे अख्खं पान पडद्यावर येतं. चारशे टक्के झूम करून कौलं कोरत बसलात, तर तीन दिवस जातील आणि लांबून तिथे नुसता लाल डाग दिसेल.

सुरुवात साल ठरवण्यापासून करा. 'जुना काळ' हे काही साल नव्हे. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली, विजेची १९०७ मध्ये, दुमजली १९२० मध्ये, आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली. मी १९३८ धरलं, संध्याकाळची पाचची वेळ. एकदा साल धरलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. पाटीवर पैसे नाहीत, आणे लिहायचे, कारण दशमान नाणी १९५७ ची. पिनकोड नाही, कारण तो १९७२ चा. माझ्या पहिल्या खर्ड्यात शिंप्याच्या पाटीवर सहा आकडी पिनकोड होता. हसू नका, हात आपोआप लिहून जातो.

आता चाळ. सगळा जीव इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगते. अख्खी चाळ काढू नका, एक खण काढा: दोन लाकडी खांब, मधला कठडा, मागे दार, बाजूला झडपांची खिडकी. तोही अगदी समोरून, सपाट. मग त्याचा ग्रुप करून ऑल्ट आणि डी दाबा, क्लोन तयार होतो. असे आठ खण शेजारी शेजारी, तीन मजले. मूळ खणातला खांब जाड केला की चोवीस खांब एकदम जाड होतात. प्रमाण पटेपर्यंत याच अवस्थेत खेळा. दारांचे रंग वेगवेगळे हवे असतील तर मूळ दाराच्या फिलमध्ये (आतल्या भरणीत) रंग न ठेवता प्रश्नचिन्हाचं बटण दाबा, मग प्रत्येक क्लोनला आपला रंग देता येतो.

पटलं की या सगळ्याची एक प्रत वेगळ्या लेयरमध्ये कुलूपबंद करून ठेवा. पुढचं काम मागे फिरण्याजोगं नाही. हाताखालच्या प्रतीतले क्लोन मूळ खणापासून तोडा (शिफ्ट, ऑल्ट, डी). मग सगळ्या रेघांचं 'स्ट्रोक टू पाथ' करा, म्हणजे रेघेचा भरीव आकार होतो. आणि त्यानंतरच पर्स्पेक्टिव्हचा पाथ इफेक्ट लावून चाळीचं लांबचं टोक लहान करा. हा क्रम चुकवून मी एक आख्खा रविवार घालवला आहे. इफेक्ट आकार वाकवतो, रेघेची जाडी मात्र तशीच ठेवतो. त्यामुळे लांबचा इवलासा कठडा जवळच्या कठड्याइतक्याच जाड रेघांनी भरतो आणि चाळीच्या टोकाला काजळ सांडल्यासारखं दिसतं.

एवढं करून जे हाती येतं ते फार नीटनेटकं असतं, सरकारी नकाशासारखं. आता बिघडवायला घ्या. एक झडप अर्धी उघडी, एका कठड्याचा दांडा गायब, दुसऱ्या मजल्यावर नऊवारी वाळत घातलेली, तिचं टोक खालच्या मजल्यावर लोंबतंय. एखाद्या खांबाचे दोन नोड (कडेवरचे बिंदू) केसभर सरकवले की लाकूड म्हातारं होतं. मंगलोरी कौलं मात्र सगळी काढू नका. पागोळीच्या कडेची दहा-बारा नीट काढा, वर नुसत्या आडव्या रेघा ओढा.

पाट्यांसाठी फॉन्ट वापरू नका, निदान तसाच्या तसा तरी नाही. रंगाऱ्याच्या ब्रशला जाडी-बारकी असते, आणि जागा संपत आली की शेवटची दोन अक्षरं अंग चोरून बसतात. अक्षरं पाथमध्ये, म्हणजे साध्या आकारांत, बदला आणि शेवटची जरा दाबा. हे बाबांनी शिकवलेलं नाही. त्यांच्या पाटीवर जागा कधी संपायची नाही, शेजारच्यांच्या संपायची.

रंगांबद्दल एकच: सगळ्यावर सेपियाचा थर ओतू नका. तो आळस आहे. बाबांच्या डब्यांत सेपिया नव्हताच, पोपटी होता आणि चांगला भडक होता. सात-आठ रंग ठरवा, लांब जाल तसे ते फिके आणि निळसर करा, आणि सावल्यांचा एकच जांभळट लेयर 'मल्टिप्लाय' करून (म्हणजे खालचे रंग गडद होऊन दिसतात) वर ठेवा. ब्लर जपून वापरा, त्यानं फाइल रांगायला लागते.

ट्राम शेवटी काढली, आणि तिनेच मला पकडून दिलं. ए-थ्री प्रिंट घेऊन मी खालच्या मजल्यावरच्या आजोबांकडे गेले. ट्राम बंद झाली तेव्हा ते तिशीत होते. त्यांनी चश्मा काढला, पुसला, परत घातला. "बाळ, ही मागे चाललीय का गं?"

छतावरचा दांडा वरच्या तारेला टेकतो आणि ट्रामच्या मागच्या बाजूला झुकतो, तारेखालून ओढत नेल्यासारखा. मी तो ड्रायव्हरच्या डोक्यावरून पुढे झुकवला होता. शेवटच्या थांब्यावर कंडक्टर दोरी धरून तो अर्धा गोल फिरवायचा, हे आजोबांनी खुर्चीतून उठून, हवेत दोरी ओढून दाखवलं.

घरी येऊन घाईत अख्खी ट्राम निवडली आणि एच दाबलं, म्हणजे डावं-उजवं उलटतं. ट्रामबरोबर दांडाही उलटला, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावरच राहिला, वर तोंड फिरल्यामुळे ट्राम आता समोरच्या व्हिक्टोरिया घोडागाडीच्या घोड्यावर चालून निघाली, आणि तिच्या अंगावरची जाहिरात आरशातली झाली. म्हणून सांगते, दांडा, डबा आणि जाहिरात यांचे तीन वेगळे ग्रुप ठेवा आणि त्यांना नावं द्या. माझ्या फाइलमध्ये त्या दिवशी 'ग्रुप ११४७' नावाचा दांडा शोधायला पाऊण तास लागला.