चिरा भिंतीत बसवायचा, गाडीखाली नाही

मी मेकॅनिक नाही, शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतो. पण गोव्यातल्या साखळी गावच्या घराच्या अंगणात माझ्या जुन्या अल्टोची बारीकसारीक कामं मीच करतो. आजवर तीनदा माझ्यावर बेतता बेतता राहिलं.

पहिली गोष्ट गणेश चवथीच्या दोन दिवस आधीची. पुढच्या डाव्या चाकातून कटकट आवाज येत होता आणि गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीचं सामान आणायला बाजारात जायचं होतं. गाडीबरोबर आलेला जॅक लावला, आधाराला कुंपणाचा उरलेला एक चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा, सरकवला, चाक काढलं आणि आडवा होऊन खाली हात घातला. तेवढ्यात बायकोची हाक आली, "अहो, चहा निवतोय." उठून पायरीपर्यंत पोचतो न पोचतो तोच जॅक कलंडला. गाडी चिऱ्यावर आदळली, चिऱ्याचे दोन तुकडे झाले आणि ब्रेकची डिस्क मातीत रुतली. चहा कसा लागला ते आठवत नाही.

त्याच संध्याकाळी मी वहीत लिहिलं: "जॅक खराब." दुसऱ्या दिवशी वाचलं आणि माझंच मला हसू आलं. वर्गात एखाद्या पोराने असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला पायऱ्या दाखवायला लावल्या असत्या. म्हणून पुन्हा लिहिलं, तीन प्रश्न घालून. काय करायला गेलो होतो? कुठली पायरी गाळली? का गाळली? खरं उत्तर तिसऱ्यात असतं. माझं होतं, "बाजार बंद होईल म्हणून." तुमच्याकडे असं काही घडलं तर त्याच दिवशी लिहा. आठवडा गेला की आपण स्वतःची बाजू सावरून सांगायला लागतो.

मग त्यातून नियम काढायचा, आणि तो दुसऱ्या माणसाला बघून तपासता आला पाहिजे. "सावध राहणे" हा नियम नव्हे. "उचललेल्या गाडीखाली लोखंडी स्टँड लागल्याशिवाय चाक काढायचं नाही" हा नियम. बायको खिडकीतून बघून सांगू शकते, स्टँड आहे की नाही.

त्या एका दिवसातून माझे बरेच नियम निघाले. आमची तांबडी माती पावसात भिजली की जॅकचा पाय एका बाजूने खचतो, म्हणून काम सिमेंटच्या सपाट जागेवरच. हँडब्रेक ओढायचा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची आणि जे चाक उचलायचं त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड लावायचे. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच, नाहीतर पान्याला दिलेला हिसका जॅकवर येतो. जॅक लावायचा तो दाराखालच्या पट्टीवरच्या खाचांमध्येच. गाडीबरोबर मिळणारा जॅक टायर बदलण्यापुरता आहे, त्याच्या भरवशावर खाली जायचं नाही. काढलेलं चाक पट्टीखाली आडवं सरकवून ठेवायचं. सगळं फसलं तरी तेवढी जागा उरते.

आणि चिरा. आमची घरं त्याच्यावर उभी आहेत म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. पण भिंतीत भार सगळ्या चिऱ्यांवर वाटला जातो. गाडीखाली तो एका अरुंद पट्टीतून येतो, आणि जांभा दगड सच्छिद्र, त्यातून पावसात भिजलेला. फुटताना आधी सूचना देत नाही.

दुसरी वेळ चोर्ला घाटातली. बेळगावहून येताना इंजिन तापलं आणि मी रेडिएटरचं झाकण लगेच फिरवलं. आतलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब उतरतो आणि ते एकदम उसळून बाहेर येतं. मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं. मी भाजलेल्या हातावर बाटलीतलं प्यायचं पाणी ओतत राहिलो, ते तेवढं बरोबर होतं. "का गाळली?" समोर लिहिलं: "मागे हॉर्न वाजत होते." आता बॉनेट उघडून निदान अर्धा तास थांबतो. वाजवू देत हॉर्न.

तिसरी बॅटरीची, लहानशीच. प्लसचा नट सोडवताना पाना बॉडीला टेकला आणि ठिणगी उडाली. मायनस आधी काढायची, लावताना शेवटी लावायची. मायनस सुटलेली असली की प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तरी सर्किट पुरं होत नाही. हे मी स्वतः दहावीला शिकवतो, म्हणून त्या पानावर "का?" समोर जागा बरेच दिवस रिकामी होती. अंगठी मात्र तेव्हापासून खिशात जाते, कारण बॅटरीवर तीही पान्याचंच काम करते.

वहीतली कालची नोंद: "स्टँड शेजाऱ्याने नेलेत. रविवारी ऑइल बदलायचं होतं. पुढे ढकललं."