गोव्यातल्या डिचोलीच्या खाणपट्ट्यात बिऱ्हाड थाटणाऱ्यांसाठी

लिलावानंतर २०२४ पासून लोहखनिजाच्या बंद खाणी पुन्हा चालू व्हायला लागल्या, तशी चंदगड-आजऱ्याकडची नवी बिऱ्हाडं इकडे दिसू लागली आहेत. आम्ही २००५ साली आलो तेव्हा चार गोष्टी सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून लिहिते.

खोली बघायला जाल तेव्हा भाड्याआधी विहिरीचं विचारा. मे महिन्यात पाणी टिकतं का, हे मालकाला नको, शेजारणीला विचारा. खाणीचा खड्डा खोल गेला की तो कोरडा ठेवायला रात्रंदिवस पाणी उपसतात आणि आसपासच्या विहिरी आटतात. शिरगावच्या लोकांनी ते भोगलंय. ट्रकच्या रस्त्यालगतची खोली स्वस्त मिळते, ती घेऊ नका. सकाळी दोरीवर घातलेलं लंगोट संध्याकाळी विटकरी होऊन येतं. तीच धूळ बाळाच्या छातीत जाते.

आता पगाराचं. पावसाचे चार महिने माल वाहतूक जवळजवळ थांबते, तेव्हा आठ महिन्यांच्या कमाईत बारा महिने काढायचे, हे पहिल्या दिवसापासून धरून चाला. आणि खाणीच्या भरवशावर कर्ज काढू नका. पुन्हा सांगते, काढू नका. २०११ मध्ये चीनला माल धो धो जात होता. जो तो टिपर, म्हणजे खनिज वाहायचा ट्रक, घेत होता, ह्यांनीही घेतला, बँकेच्या कर्जावर. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. आमचा टिपर फणसाखाली उभा राहिला तो तसाच. पावसाळ्यात चाकांतून गवत वर आलं, हप्ता मात्र थांबला नाही. विकायला काढला तर गिऱ्हाईक नाही, कारण त्याच आठवड्यात गावातले सगळेच विकायला निघाले होते. माझ्या पाटल्या गेल्या, तरी कर्ज उरलंच. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून न्यायालयाने परवानगी दिली, तेव्हा पुष्कळांनी पुन्हा गाड्या घेतल्या. १६ मार्च २०१८ ला खाणींची ८८ लीज, म्हणजे भाडेपट्टे, बंद झाली. तीच माणसं, तेच हप्ते. आज कुणी ‘आता कायमचं सुरू झालं’ म्हणालं तर त्याला २०१२ आणि २०१८ ही दोन वर्षं सांगा. घरात एक कमाई खाणीबाहेरची हवी. मी शिलाई शिकले, २०१८ मध्ये त्यावरच चूल पेटली.

आपल्या लोकांचंही सांगते. आपण एकाच चाळीत राहतो, आपसातच बोलतो आणि गोंयकार आळशी आहेत म्हणतो. हे साफ चुकीचं आहे. बंदीत त्यांचेही ट्रक उभे होते, तरी शेजारच्या बायने चवथीला माझ्या दारात तांदूळ आणि नारळ आणून ठेवले. कोंकणी शिका. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत येतो, त्याच्याशी ‘दोन उंडे दी’ (दोन पाव दे) इतक्यापासून सुरुवात होते. मराठी सगळ्यांना कळते म्हणून तिच्यावरच थांबू नका. कोंकणीत बोललात की माणूस वेगळा बोलतो.

जागा घ्यायची झाली तर इथे सातबारा नसतो, एक-चौदाचा उतारा बघतात. तो स्वतः काढा.

शेजारच्या सत्तरी तालुक्याच्या बाजूला काजूच्या दिवसांत रानात जाल तर अंगभर कपडे घाला आणि घरी आल्यावर गोचीड तपासा. तिथे गोचीड चावून होणाऱ्या माकडतापाने माणसं दगावली आहेत.

आणि मुलांना बंद खाणींच्या खंदकांपासून लांब ठेवा. पावसाचं पाणी साठून ते हिरवंनिळं, तळ्यासारखं शांत दिसतं, पण काठाची माती भुसभुशीत असते आणि दोन पावलांवर तळच नसतो. पोहता येतं म्हणून सोडू नका. शाळा सुटल्यावर मूल कुठल्या वाटेने घरी येतं, ती वाट एकदा त्याच्याबरोबर चालून बघा.