स्कॉटिश चांदीचा मानाचा डबा हाती आलाय? घासायच्या आधी या चुका टाळा

स्कॉटलंडमध्ये शहराची कौन्सिल एखाद्याला मानाचा नागरिक करायची तेव्हा शिक्का लावलेलं सनदेसारखं पत्र द्यायची, आणि ते ठेवायला कधीकधी चांदीचा डबा. झाकणावर शहराचं चिन्ह कोरलेलं, कुठे कुठे ज्याचा सत्कार त्याचंही. बेंजामिन फ्रँकलिनला एडिनबर्गने हा मान 1759 मध्ये दिला होता.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दिसला काळा की घास. टूथपेस्ट, लिंबू, चिंच, भांड्याची पावडर, काहीही नको, आणि ते बुडवून काढायचं केमिकल तर अजिबात नको कारण ते खाचांमधला काळेपणाही खाऊन टाकतं, मग कोरीवकाम सपाट आणि आजारी दिसायला लागतं. आता भिंग घेऊन चिन्हातल्या ढालीकडे बघा. त्या बारीक रेषा डिझाइन म्हणून नाहीत, ते रंग आहेत! उभ्या रेषा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनेरी, आणि कोरं सोडलं तर चांदी म्हणजे पांढरा. घासून घासून उभ्या रेषा गेल्या की लाल ढाल पांढरी झाली, म्हणजे चिन्हच बदललं, आणि डबा कोणाचा ते शोधायचा धागा तुटला. कोमट पाणी, थोडं सौम्य लिक्विड सोप, मऊ सुती कापड, लगेच कोरडं करा, बास. आत सोन्याचा मुलामा असेल तर तिथे पॉलिश लावूच नका.

दुसरी गंमत हॉलमार्कची. सिंह दिसला की लोक लंडन म्हणून मोकळे होतात. इंग्लिश सिंह चालतोय, मागच्या पायांवर उभा असेल तर ग्लासगो बघा, तिथलं चांदी तपासून शिक्के मारणारं ऑफिस 1819 ते 1964 चालू होतं आणि शहराची खूण झाड, पक्षी, घंटा, मासा. एडिनबर्गचा तीन बुरुजांचा किल्ला, सोबत 1759 पासून 1975 पर्यंत काटेरी थिसलचं फूल. राजा किंवा राणीचं डोकं असेल तर 1784 ते 1890 मधला माल, ती कर भरल्याची खूण. झाकण आणि तळ दोन्हीवरच्या खुणा जुळवून बघा, नाहीतर दोन डब्यांचा एक केलेला असतो.

आणि आडनाव गुगल करून 'फॅमिली चिन्ह' सापडलं म्हणून नाचू नका बरं का. स्कॉटलंडमध्ये चिन्ह आख्ख्या खानदानाचं नसतंच, ते एका माणसाचं असतं, लॉर्ड लायन म्हणजे तिथल्या चिन्हांचा कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या कोर्टात नोंदवलेलं, ती नोंदवही 1672 पासूनची. सारख्या आडनावाचे शंभर लोक असले तरी डबा त्यातल्या एकाचाच.

चिन्ह संशयास्पद वाटलं तर त्यावर हळूच तोंडाची वाफ सोडा, वाफ बसली की जुना जोड किंवा ठिगळ उठून दिसतं. बोटाने चाचपा, मधे पत्रा पातळ लागला तर आधीचं नाव घासून नवीन कोरलेलं असायची शक्यता जास्त. मग खरेदीचा भाव त्याच हिशोबाने.

बिजागरी अडकली तर पक्कड लावू नका, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात 'डाग देऊन द्या' पण नको, शिशाचं सोल्डर एकदा लागलं की काढणं भयंकर. जुन्या चांदीचं काम करणाऱ्याकडेच न्या. ठेवताना रबरबँड, वर्तमानपत्र दोन्ही लांब, चांदी काळी पडते. आम्लरहित टिश्यूत गुंडाळायचा, आणि आत मूळ पत्र असेल तर ते वेगळं, सपाट ठेवायचं, घडी उलगडायचा हट्ट करायचा नाही.