व्हिएतनामला जाताय? या चुका टाळा, आमच्या करून झाल्यात

पहिली चूक तिकीट काढतानाच होते आणि ती म्हणजे दिवाळीची सुट्टी. पोरांना शाळा नाही, ऑफिसात रजेसाठी भांडावं लागत नाही, म्हणून आई, आम्ही दोघं, भाऊ-वहिनी आणि पुतण्या असे सहा जण ऐन दिवाळीत दा नांग आणि होई आनला जाऊन धडकलो. आपल्या डोक्यात काय असतं, ऑक्टोबर म्हणजे पाऊस संपला, आता हवा छान. तिकडे मध्य व्हिएतनामच्या किनाऱ्यावर नेमका उलटा हिशोब आहे. सप्टेंबर ते डिसेंबर पावसाळा आणि त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे आपला जुलै समजा. होई आनमध्ये थु बोन नदीकाठच्या गल्लीत गुडघाभर पाणी, आणि आमच्या होमस्टेवाल्या काकू अगदी शांतपणे खुर्च्या, टीव्ही, फ्रीज वरच्या मजल्यावर चढवत होत्या, जणू काय रोजचंच काम. तिथल्या जुन्या घरात भिंतीवर साल घालून पुराच्या खुणा करून ठेवल्यात, तेव्हा रोजचं नसलं तरी वर्षाचं काम आहे हे नक्की. कंदील बघायला गेलो होतो, बघितले, पण होडीतून आणि छत्री धरून.

म्हणजे दिवाळीत जाऊच नका असं नाही. दिवाळीत जायचंय तर उत्तरेला जा, हनोई, निन बिन्ह, 'हा लाँग'चा उपसागर, तेव्हा तिकडे हवा मस्त असते. ख्रिसमसच्या सुट्टीत दक्षिण, म्हणजे सायगाव (नकाशावर हो ची मिन्ह सिटी) आणि फु क्वॉक बेट, तिथे नोव्हेंबर ते एप्रिल कोरडं असतं. आणि दा नांगचा समुद्र हवा असेल तर आपली मे महिन्याची सुट्टी बेस्ट, ऊन कडक असतं पण समुद्र शांत. त्याच मे नंतर फु क्वॉकला पाऊस सुरू होतो आणि पश्चिमेकडचा समुद्र खवळलेला असतो, तर पॅकेज स्वस्त दिसलं की आधी महिना बघा. डिसेंबर-जानेवारीत हनोईला स्वेटर लागतो हो, नुसते टीशर्ट घेऊन गेलात तर तिथेच जॅकेट विकत घ्यावं लागेल, आणि हा लाँगला धुकं असलं तर समुद्रातले डोंगर दिसतच नाहीत. फेब्रुवारीच्या आसपास तेत असतो, त्यांचं नवीन वर्ष, तेव्हा आपल्या दिवाळीसारखे सगळे गावी जातात, बरीच दुकानं बंद आणि ट्रेन-विमानं फुल.

दुसरी चूक पहिलीचीच बहीण आहे. देश नकाशावर चिंचोळा दिसतो म्हणून लोक सात रात्रीत सगळं बसवतात: हनोई २, हा लाँग १, दा नांग २, सायगाव २. आमच्या एजंटनेही असाच कागद हातात ठेवला होता. हनोई ते सायगाव रेल्वेने १७२६ किलोमीटर आहे, मुंबई-दिल्लीपेक्षा जास्त, आणि गाडीला ३० तासांच्या वर लागतात. विमानाने दोन तास म्हणतात पण हॉटेल सोडा, एअरपोर्ट गाठा, लाइनीत उभे राहा, परत चेक-इन, अर्धा दिवस गेलाच. एका आठवड्यात दोन भाग घ्या, बास. ट्रेनची हौसच असेल तर ह्युए ते दा नांग करा, अडीच-तीन तास, हाय वान घाटात एका बाजूला डोंगर आणि खाली समुद्र, आमचा पुतण्या पहिल्यांदा मोबाइल बाजूला ठेवून खिडकीला चिकटला.

तिथल्या स्वस्त डोमेस्टिक फ्लाइटला केबिन बॅग सात किलो, आणि ते खरंच वजन करतात, अगदी गेटवर सुद्धा. आमच्या फराळाच्या डब्यामुळे बॅग नऊ किलो भरली. चिवडा तिथेच सहा जणांनी खाल्ला, लाडू खिशात गेले.

व्हिसाचं एक नीट वाचा, कारण ही चूक खास आपल्या लोकांची आहे. ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, २०२३ च्या ऑगस्टपासून ९० दिवसांपर्यंतचा मिळतो, सिंगल एन्ट्रीला २५ डॉलर आणि मल्टिपलला ५०. सर्च केल्यावर वरती ज्या चकाचक साइट दिसतात त्या बऱ्याचदा एजंटांच्या असतात आणि तिप्पट पैसे घेतात, सरकारी साइटच्या नावाच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट व्हीएन असतं तेवढं बघा. आता खरी गोची: आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. भावाने सवयीने नाव आणि आडनाव टाकलं, वडिलांचं नाव खाल्लं. व्हिसा आला तोही तसाच आला. फी परत मिळत नाही, मग नवीन फॉर्म, नवीन २५ डॉलर आणि निघायला चार दिवस उरलेले. तर पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर तसंच भरा, जन्मतारखेतला दिवस-महिना उलटा पडला नाही ना बघा, आणि व्हिसा आला की उघडून वाचा, तसाच प्रिंट मारून फाइलमध्ये घालू नका.

पैशांकडे येऊ. एका रुपयाला साधारण ३०० डाँग, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळेच करोडपती. किमतीतले शेवटचे तीन शून्य उडवा आणि उरलेल्याला तीनने गुणा, वर थोडं धरा, झाले रुपये. मेनूवर ५०के लिहिलं असेल तर पन्नास हजार डाँग, म्हणजे दीडशेच्या थोडं वर. पण घात होतो तो रंगाने, कारण २० हजाराची नोट निळी आणि ५ लाखाची पण निळीच, दोन्ही प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत, दोन्हीवर हो ची मिन्ह. रात्री टॅक्सीत अंधारात बायकोने वीस हजार म्हणून पाच लाख दिले, म्हणजे साठ-सत्तर रुपयांच्या जागी सोळा-सतराशे. ड्रायव्हर भला माणूस, त्याने लाइट लावून नोट परत दिली, पण प्रत्येक वेळी नशीब तसं नसतं. तेव्हापासून पाच लाखवाल्या नोटा वेगळ्या कप्प्यात. एटीएमवर 'तुमच्या देशाच्या चलनात कन्व्हर्ट करू का' असं विचारलं तर नको म्हणा, तो रेट महाग पडतो.

व्हेज लोकांनो, इकडे लक्ष. 'नो मीट' सांगून काही होत नाही. मीट नाही म्हणजे कोळंबी चालेल, अंडं चालेल, आणि नुओक माम म्हणजे माशांचा सॉस तर चालेलच, कारण तो त्यांच्याकडे मिठाच्या जागी असतो. तिथला शब्द आहे 'चाय', इंग्रजी अक्षरात सी-एच-ए-वाय. दुकानाच्या पाटीवर हा शब्द दिसला की बिनधास्त आत जा, ते बौद्ध पद्धतीचं शाकाहारी असतं, पुष्कळ ठिकाणी कांदा-लसूणसुद्धा नसतो, म्हणजे जैन मंडळींचीही बरीचशी सोय, कंदमुळांचं तेवढं विचारून घ्या. आमच्या आईने हनोईत सकाळी काउंटरवर जाऊन 'चाय, चाय' केलं तर तिच्यासमोर टोफू आणि भाताचं ताट आलं. चहाला तिकडे 'चा' म्हणतात! म्हणजे आपल्या आजीसारखं 'चा' म्हटलं तर चहा आणि हिंदीसारखं 'चाय' म्हटलं तर शाकाहारी जेवण. उच्चारात सूर चुकला की त्यांना कळत नाही, म्हणून मोबाइलवर लिहिलेलं दाखवा. आणि चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, म्हणजे साधारण अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, तिथले बरेच लोक स्वतःच चाय खातात, त्या दिवशी पर्याय भरपूर.

रस्ता ओलांडणं. वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून आधी डावीकडे बघा. स्कूटरचा लोंढा थांबणार नाही, थांबायची वाट बघू नका. हळू, एकसारख्या चालीने चालत राहा, ते तुम्हाला वळसा घालून जातात. मध्येच धावलात किंवा दचकून मागे आलात तर त्यांचा अंदाज चुकतो. सायगावात रस्त्याच्या कडेला उभं राहून मोबाइलवर मॅप बघू नका, बाइकवरून हिसकावून नेतात, दुकानाच्या आत जाऊन बघा. हनोईच्या जुन्या भागात कुणी न विचारता तुमच्या चपलेला डिंक लावायला बसला तर पाय मागे घ्या, शिवून झाल्यावर तो आकडा लाखात सांगतो.

स्कूटर भाड्याने लगेच मिळते, लायसन्स कुणी विचारत नाही, म्हणून आपण खूश. पण आपल्या आरटीओचं इंटरनॅशनल परमिट १९४९ च्या कराराचं आणि व्हिएतनाम मानतं १९६८ च्या कराराचं, म्हणजे आपलं तिकडे चालत नाही. पोलिसांचा दंड एक वेळ परवडला, पण पडलात तर इन्शुरन्सवाला हात वर करेल, म्हणून आम्ही ग्रॅबच (तिकडची ओला-उबर) वापरली. बिअर पिऊन चालवायचा तर विचारच नको, तिकडे लिमिट शून्य आहे.

हनोईतलं हो ची मिन्हचं स्मारक सोमवारी आणि शुक्रवारी बंद असतं आणि उघडं असतं ते सकाळीच. आम्ही शुक्रवारी गेलो.

राहिला बीच. आपण कोकणातली माणसं, समुद्र म्हटलं की सूर्यास्त. दा नांगच्या 'मी खे' बीचवर संध्याकाळी सहा खुर्च्या भाड्याने घेऊन, नारळ घेऊन बसलो, आणि सूर्य गेला मागे, हॉटेलांच्या आड. दा नांग काय, न्हा त्रांग काय, सगळे पूर्वेकडे तोंड करून, समुद्रात मावळता सूर्य बघायचा तर फु क्वॉकचा पश्चिम किनारा. मग दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठलो, आपल्या घड्याळात साडेतीन, पोरगं रडकुंडीला. पण बीचवर अख्खं गाव, आज्या व्यायाम करतायत, पोरं व्हॉलीबॉल खेळतायत, आणि आठ वाजेपर्यंत सगळे गायब कारण नंतर वाळू तापते. पाऊस एकदाचा थांबला होता पण झेंडा लाल होता. लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायचं नाही, लाट दिसायला साधी असली तरी आत ओढते. आई म्हणाली मी फक्त पाय भिजवते, आणि साडी वर धरून चार पावलं आत गेली तर टॉवरवरच्या गार्डने अशी शिट्टी मारली की आख्खा बीच तिच्याकडे बघायला लागला.