भूगोलाच्या पोरांनो, परिषदेत पोस्टर लावण्याआधी या चुका टाळा

परिषदांचा हंगाम आला की एम.ए., एम.एस्सी.ची पोरं माझ्या टेबलापाशी घुटमळू लागतात. "मॅडम, परवापर्यंत पोस्टर होईल ना?" वर्षभर फिल्डला गेला नाहीत, आता परवापर्यंत कसलं पोस्टर?

सर्वांत जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे यूटीएमचा झोन न बघणं. यूटीएम म्हणजे पृथ्वीच्या सहा-सहा अंशांच्या उभ्या पट्ट्या, म्हणजे झोन, पाडून जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत; तेच आकडे प्रत्येक झोनमध्ये पुन्हा येतात. आमच्या एका विद्यार्थ्याने चंद्रपूरजवळच्या विहिरींची पाणीपातळी मोजली होती. भर मे महिन्यात, मोटरसायकलवरून, टेप दोरीला बांधून. मेहनत अस्सल. जीपीएसवरचे आकडे यूटीएममध्ये होते. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकताना त्याने झोन 43 निवडला, कारण वर्गात आम्ही पुण्याची उदाहरणं देतो आणि पुणे 43 मध्ये येतं. पण 78 अंश पूर्व रेखांश ओलांडला की झोन 44 लागतो. परिणामी सगळ्या विहिरी सहा अंश पश्चिमेला सरकल्या, सव्वासहाशे किलोमीटर, थेट मोखाड्याच्या डोंगरात. तेव्हाच विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण रात्रीचे दोन वाजलेले, सकाळी छपाई. पठ्ठ्याने सगळे बिंदू माउसने उचलून अंदाजाने चंद्रपूरच्या हद्दीत आणून सोडले.

परिषदेत एका निवृत्त सरांनी चष्मा कपाळावर चढवला, पोस्टरवर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "बाळ, ही विहीर इरई धरणाच्या पाण्यात कशी खोदली?" मी मागेच उभी होते. चहा घ्यायला निघून गेले.

माझी सवय सांगते. आधी एकच ओळखीचा बिंदू टाकायचा, एसटी स्टँड किंवा कॉलेजचं फाटक, आणि तो उपग्रहचित्रावर नेमका बसतो का बघायचं. मगच बाकीचे. शिवाय प्रत्येक विहिरीची खूण वहीत पेन्सिलीने: 'मारुतीच्या देवळामागे, कठडा फुटलेला'. मोबाईल बंद पडतो, वही पडत नाही.

पैसे भरून चार दिवसांत पेपर छापणारी नियतकालिकं हा दुसरा रोग. जाहिरातीत 'यूजीसी केअर', म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीत असल्याचं मिरवत असतील, तर ती यादीच 2025 मध्ये बंद झाली आहे. तेवढ्या पैशांत दोनदा फिल्डला जाऊन याल.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. आपले आकडे त्यांच्याशी ताडून बघा. पण त्यासाठी विभागाचं पत्र लागतं, ते आदल्या दिवशी मागू नका. देहरादूनच्या आयआयआरएसचे, म्हणजे भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे, ऑनलाइन कोर्स फुकट आहेत, जरूर करा. पण व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवून मिळालेलं प्रमाणपत्र मला दाखवायला आणू नका.

आणि नकाशावर प्रमाणपट्टी नसेल, तर मी तो नकाशा बघतच नाही.